जस्त वर काढलं ती दुपार

बायकोची तेरवी झाली. पाहुणे गेले, लेकही तिच्या सासरी पेडगावला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला घंटी वाजली. एकच टोला.

मी ओसरीवर बाजेवर पडलो होतो. घंटी माझ्या डोक्यावर, भिंतीला. तिचं बटण आत, बायकोच्या पलंगाला. आत कोणी नव्हतं. घरातच कोणी नव्हतं.

एक टोला म्हणजे पाणी.

मी उठलो, रांजणातून तांब्या भरला आणि खोलीत गेलो. पलंगापाशी पोचल्यावर कळलं आपण काय करायलोय. गादी गुंडाळून भिंतीला लावलेली, पलंगाच्या नुसत्या फळ्या, त्यावर खिडकीतलं ऊन. मी तांब्या धरून तसाच उभा राहिलो. पाणी परत ओतावं का ठेवावं, समजेना. शेवटी मीच प्यालो. 

म्हाताऱ्याला भास झाला, असं कोणी म्हणेल. भास नव्हता. घंटीचा टोला मला भासात ऐकू येत नाही, कारण माझी सगळी नोकरीच त्यात गेली. रेल्वेच्या सिग्नल खात्यात मी खलाशी होतो, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा कामगार. चुडाव्याच्या अल्याड-पल्याड छोटी स्टेशनं आहेत, तिथं. त्या काळी एका स्टेशनचा मास्तर दुसऱ्याला गाडी सोडू का म्हणून विचारायचा ते घंटीनं. टोले किती, त्यावर अर्थ. टोला चुकला तर दोन गाड्या एका रुळावर. आणि ती घंटी खांबावरच्या विजेवर चालत नव्हती. बरणीतल्या सेलवर चालायची. ते सेल भरायचे, धुवायचे, मेले तर बदलायचे, हे माझं काम.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण सेलबद्दल मला कोणी शिकवावं असं काही राहिलेलं नाही. आमच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी एका हातावर जस्ताचा तुकडा ठेवला, दुसऱ्यावर तांब्याचा. म्हणाला, "जिभेवर ठेव दोन्ही. एकमेकाला लागू देऊ नको." ठेवले. काही नाही. "आता कडा भिडव." भिडवल्या तर जीभ चावल्यासारखी झाली, तोंडात आंबट-कडू चव. मी थुंकलो. तो हसून म्हणाला, "हा झाला सेल. तुझी थुंकी म्हणजे बरणीतलं पाणी."

मग त्यानं दोन्ही तुकडे जस्ताचेच दिले. कितीही भिडवले तरी जीभ गप्प. दोन सारख्यांमध्ये काही चालत नाही. एकाला द्यायची घाई पाहिजे आणि दुसऱ्याला घ्यायची सोय पाहिजे, तेव्हा वीज निघते.

आमच्या सेलात काचेची बरणी असायची. तिच्यात नवसागराचं पाणी. भांड्याला कल्हई करताना जो नवसागर टाकतात, तोच. पाण्यात एका बाजूला जस्ताची कांडी. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या मातीचं, पाणी झिरपू देणारं मडकं, त्याच्या पोटात कोळशाची कांडी आणि भोवती दाबून भरलेली काळी भुकटी. जस्त पाण्यात विरघळायला बसलेलं असतं. विरघळताना ते आपल्याजवळचं काहीतरी मागं सोडतं, आणि ते तारेतून निघतं, घंटीतून जातं, कोळशाच्या कांडीत शिरतं. बाहेर तारेचा रस्ता, आत पाण्याचा रस्ता. दोन्ही पाहिजेत. एक तुटला की दुसराही बंद. लोकांना वाटतं जोर पाण्यात आहे. पाण्यात काही नाही. पाणी नुसतं जाऊ-येऊ देतं. जोर जस्ताच्या झिजण्यात आहे. घंटी जेवढी वाजेल तेवढं जस्त कमी होतं. कांडी बघून मी सांगायचो, या महिन्यात गाड्या जास्त गेल्या का कमी.

आणखी एक सांगतो, कारण पुढं लागणार आहे. हा सेल दमतो. घंटी दाबून धरली की कोळशाच्या अंगावर बुडबुड्यांचा थर बसतो. काळी भुकटी तो थर खाते, पण सावकाश खाते. म्हणून सेल ढिला पडतो. सोडून दिला की तासा-दोन तासांनी परत ताजा. आणि जस्त मळकं असलं तर रिकामं बसूनही स्वतःलाच खातं. म्हणून मिस्त्रीची सक्त ताकीद असायची: सेल लागणार नसला तर कांडी वर काढ, पूस आणि काठावर आडवी ठेव. ती सवय माझ्या हाताला अशी बसली की रिटायर झालो तरी गेली नाही.

नवीन लग्न झालं तेव्हा मी बायकोच्याही जिभेवर ते दोन तुकडे ठेवले होते. ती किंचाळून म्हणाली, "मेलं चावलं की! अन् यालाच तुमी नोकरी म्हणता होय?" पुढं सेल बदलले, कोरडे आले, मग तेही गेले. भंगारात निघालेल्या दोन बरण्या मी रीतसर घेऊन घरी आणल्या. बायको त्यांना माझी लोणची म्हणायची. "तुमच्या लोणच्याला बुरशी आली बगा." नवसागराचं पाणी काचेवरून चढत चढत काठाबाहेर येतं आणि वाळून पांढरं होतं, त्याला ती बुरशी म्हणायची. काठाला मेण लावलं की चढत नाही, हे तिला मी शंभरदा सांगितलं. ती मुद्दाम बुरशीच म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर तिला लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. परभणीला दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. डाव्या हाताची बोटं तेवढी हालायची. मी ओसरीवर असलो की तिला मला बोलवायचं कसं? लेक म्हणाली, "दादा, बाजारात रिमोटची घंटी मिळती, घेऊन येते." मी नको म्हणालो. लाइट आमच्याकडं आली तर आली. आणि खरं सांगायचं तर बायकोसाठी घंटी लावायची आणि ती मी न करता दुकानातली आणायची, हे मला पटलं नाही.

बरण्या खाली काढल्या. परभणीच्या बाजारातून नवसागर आणला. जुन्या सामानातल्या जस्ताच्या दोन कांड्या घासून चकचकीत केल्या. पलंगाच्या डाव्या पट्टीवर लाकडाचा ठोकळा ठोकला, त्यावर पितळेच्या पातळ पट्टीचं बटण. तिच्या बोटात जोर नव्हता, म्हणून ती पट्टी कानशीनं घासून घासून आणखी पातळ केली. फुंकर मारली तरी थरथरायची. बरण्या ओसरीच्या कोनाड्यात, घंटी बाजेच्या वर, जुन्या सामानातलीच, दाबून धरली तरी एकच टोला देणारी. मग तिच्याजवळ बसून शिकवलं. एक टोला पाणी. दोन टोले, कूस बदला. तीन टोले, नुसतं या. स्टेशनावर असतं तसंच.

तिनं पहिल्या दिवशी तीन टोले दिले. मी पळत आत गेलो तर डोळ्यांनी हसायली होती. लगेच परत तीन. मी म्हणालो, "अगं, मी इथंच हाय." तरी तीन.

दोन महिने असं चाललं. पण दोन गोष्टी मला खटकायल्या होत्या. एक, रोज दुपारी माझा डोळा लागला की लागला, एक टोला पडायचाच. पाणी घेऊन जावं तर कधी ती दोन घोट घ्यायची, कधी तोंड फिरवायची. मी जवळ उभा राहिलो की तिच्या डोळ्यांत असं यायचं की मी कशाला आलो तेच तिला कळेना. दुसरी गोष्ट, जस्त. दिवाळीनंतर घातलेल्या कांड्या होळीपर्यंत आरामात जायला पाहिजेत, त्या संक्रांतीलाच बारीक झाल्या. दिवसाला वीस टोल्यांनी एवढं जस्त जात नाही. मला वाटलं, ही बटण दाबून धरते. दाबलेलं बटण म्हणजे उघडा नळ. आत जस्त जायलंय आणि बाहेर आवाज तर एकच.

मी तिला बोललो. आता लिहायला हात जड होतो, पण बोललो. "दाबून धरू नको म्हणून कितीदा सांगायचं? एकदा टोला पडला की सोड. जस्त खायलीयस नुसतं." ती माझ्याकडं बघत राहिली. वाचा असती तर उलटून बोलली असती. उलटून बोलण्यात तिचा हात कोणी धरला नसता. पण वाचा नव्हती. मी बोलत गेलो.

मग एका दुपारी जेवण झाल्यावर मी कोनाड्यापाशी गेलो, दोन्ही कांड्या बरणीतून वर काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि काठावर आडव्या ठेवल्या. तासभर, एवढंच मनात होतं. जस्त वाचेल आणि माझी झोपही होईल. तिला सांगितलं नाही. बाजेवर पडलो आणि लय दिवसांनी गाढ झोप लागली.

उठलो तर ऊन उतरलं होतं. टोला पडला नाही म्हणून बरंच वाटलं. तोंड धुतलं, चहा टाकला, तिचा कप भरून आत गेलो. ती गेलेली होती. अंग अजून कोमट होतं.

पुढचं सगळं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी ओरडत बाहेर आलो. शेजारच्या घरात माझी थोरली भावजय राहते, भाऊ जाऊन लय वर्षं झाली. ती आधी आत धावली. मग गल्ली भरली. लेक आली, हिरवं लुगडं आलं, हळद-कुंकू आलं. मला आठवत नाही ती एकच गोष्ट. मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा तिचा डावा हात कुठं होता?

उशीवर होता? पोटावर होता? का बटणावर?

जस्ताला विचारावं तर जस्ताला त्या दुपारचं काही माहीत नाही. मीच त्याला बाहेर काढून ठेवलं होतं. तिनं त्या दुपारी शंभर टोले दिले असतील तरी कांडीवर त्याची खूण नाही. आणि भावजयीला विचारावं तर ती म्हणणार, का विचारता? मग सांगावं लागणार. मी सांगितलं नाही. लेकीलाही नाही.

तेरवीनंतर ओसरी झाडताना काठावरच्या कांड्या दिसल्या. माझ्या हातांनी त्या परत बरणीत सोडल्या. मी सोडल्या असं म्हणता येत नाही. हाताला सवय, त्यांनी सोडल्या. त्याच दिवशी साडेतीनला तो टोला पडला.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. एकच टोला, त्याच सुमाराला. मी तारा बघितल्या. कुठं सोललेली नाही, कुठं उंदरानं कुरतडलेली नाही. आणि तारेतला दोष कधीही वाजवील, वेळ धरून वाजवणार नाही. वेळ माणूस धरतं.

टोला दोनच गोष्टींनी पडतो. रस्ता जुळला तर. आणि जुळवणारं कोणी असलं तर. मला रस्ता माहीत होता. जुळवणारं कोण, ते मी मनात आणत नव्हतो, पण येत होतं. त्या दुपारी तिचा टोला राहून गेला. रस्ता मी तोडला होता. आता मी जोडून दिला आणि तो राहिलेला टोला ती आता द्यायलीय. रोज द्यायलीय, कारण मी जाऊन काहीच करत नाही.

मग मी करायला लागलो. साडेतीन वाजले की तांब्या भरून तिच्या पलंगाच्या उशाशी ठेवायचा आणि मागं न बघता बाहेर यायचं. सकाळी बघितलं तर पाणी बोटभर खाली गेलेलं. उन्हाळा तोंडावर आलेला, उघडं पाणी आटतंच, हे मला कळत होतं. तरी मी बोटानं मापायचो.

आवाज गल्लीत गेला. ओसरी उघडी, शेजाऱ्याची-आमची भिंत एक. पलीकडचा म्हातारा मला म्हणाला, "अजून वाजायलीय म्हनं तुमची घंटी? कोण वाजवतंय?" मी म्हणालो, "वारा." तो म्हणाला, "वाऱ्याला काय तहान लागती का?" आणि निघून गेला. एक टोला म्हणजे पाणी, हे त्यालाही माहीत. सगळ्या गल्लीला माहीत होतं. लहान पोरं दुपारी आमच्या दारावरून पळत जायला लागली. लेक फोनवर म्हणाली, "दादा, ते काढून टाका. मी येऊन काढू का?"

"काढतो," मी म्हणालो.

"आजच काढा. लोक काय काय बोलायलेत."

"बोलू दे."

"आईला तरी निवांत राहू द्या."

यावर मी फोन ठेवला. ती घंटी काढायची तर जस्त परत वर काढायचं. एकदा काढलं होतं.

महिना झाला असेल. वेळ सरकत होती. साडेतीनचा टोला पावणेचारला पडायला लागला. आधी मला वाटलं, दिवस मोठा झाला, तिची तहान उशिरा लागायलीय. मग मला माझाच राग आला. सेलची नोकरी केलेला माणूस आणि तो असा विचार करतो. एका दुपारी मी बाजेवर थांबलो नाही. पलंगासमोर खुर्ची टाकली आणि बटणावर डोळे लावून बसलो. भीती वाटत होती. बटण आपोआप दबताना दिसलं तर काय करायचं, ते ठरवलं नव्हतं.

खिडकीतलं ऊन फरशीवर होतं. ते पलंगाच्या पायावर चढलं. मग फळीवर. मग ठोकळ्यावर आलं आणि पितळेची पट्टी झळकायला लागली. काही हाललं नाही. मी श्वास धरून बसलो होतो. खोलीत ना माणूस, ना वारा. आणि बाहेर टोला पडला.

पट्टी दबलेली मला दिसली नव्हती. केसभर सरकली असेल, नसेल. मी उठून जवळ गेलो तशी माझी सावली ठोकळ्यावर पडली. थोडा वेळ गेला आणि ओसरीवर टक् असा बारीक आवाज आला. घंटीची हातोडी मागं पडली. मी बाजूला झालो. ऊन परत पट्टीवर. पाच-सात मिनिटं. टोला.

परत सावली. टक्. परत ऊन. टोला.

पितळ तापलं की ताणतं. मीच ती पट्टी एवढी पातळ केली होती की तिला बोट लागत नव्हतं. ऊन पुरत होतं. ऊन असेपर्यंत ती चिकटून राहायची, आवाज एकच, आणि तेवढा वेळ आत जस्त खलास होत राहायचं. पुढं सेल दमायचा, रात्रभर आराम करून सकाळी परत ताजा.

मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मी त्याच खुर्चीवर बसलो आणि हिशेब नको असताना डोक्यात जुळत गेला. खिडकी तीच, पलंग तिथंच, पट्टी तीच. म्हणजे ती जिवंत असतानाही दुपारचा तो टोला तिचा नव्हता. दोन महिने तिनं ते पाणी मागितलंच नव्हतं. लोक सकाळी उठून सूर्याला पाणी देतात. मी दुपारी देत होतो, तिच्या तोंडातून. ती बिचारी कधी-कधी प्यायची. नवरा तांब्या घेऊन उभा आहे म्हणून प्यायची. आणि जस्त तिनं खाल्लं नव्हतं. मी तिला नको ते बोललो होतो. जे बोललो ते उन्हाला बोलायला पाहिजे होतं.

म्हणजे भूत नव्हतं. पण मग त्या दुपारचं काय? आजचा टोला उन्हाचा आहे हे कळलं, यानं तिचा हात कुठं होता ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावजयीला हाक मारली. ती आली, दारातच थांबली.

"काय भावजी, चहा पाजता का घंटी ऐकवता?"

"आत या, वहिनी."

"आत नगं. मला हितूनच ऐकू येतंय सगळं."

"ती उन्हानं वाजती. मी बगितलंय."

"ऊन व्हय? मग बरंय. माझ्या घरात बी ऊन येतं, ते काय वाजत न्हाई." असं म्हणाली, पण आली. मी तिला खोलीत नेलं. ती पलंगाकडं बघायची टाळत होती. तेरवीपर्यंत तिला कशातच पुढं येऊ दिलं नव्हतं. सवाष्ण गेलेली, तिची ओटी भरायला विधवा बाई कशाला, असं म्हणाले लोक. पण गेलेल्या माणसाचे हातपाय सरळ करायला तीच होती. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

"वहिनी, त्या दिवशी आधी तुमी आत आलात. तिचा डावा हात कुठं होता?"

"हात?" ती माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "अख्खी बाई गेली अन् तुमी हाताचं काय घेऊन बसलात?"

"सांगा."

"या लाकडावर होता. पालथा. मीच उचलून छातीवर ठेवला."

मी खुर्चीवर बसलो.

"दाबलेला होता?"

"आता दाबलेला का ठेवलेला, मला काय ठावं? का इचारता?"

मग मी सांगितलं. त्या दुपारी घंटी बंद होती. मी केली होती. कांड्या वर काढून झोपलो होतो. ती ऐकत राहिली. पदराचं टोक तोंडाला लावलेलं, ते तिनं काढलंच नाही. पदराआडूनच म्हणाली,

"कशापायी?"

"जस्त वाचवायला."

"किती वाचलं?"

नखाएवढंही नसेल.

ती रागावून निघून जाईल असं मला वाटलं. गेली नाही. पलंगापाशी खाली बसली आणि हळू म्हणाली, "आता ऐका. ती कायम तसंच निजायची. तुमी बाजंवर पडलात की तिचा हात त्या लाकडावर. म्या कितींदा बगितलं, वाटीतलं कालवण द्यायला मी यायची तवा. दाबायची न्हाई. नुसता ठेवायची. लेकरू झोपंत आईचा पदर धरतं का न्हाई, तसं. बोलवायची न्हाई तुमाला, भावजी. उगं मनाला लावून घेऊ नगा."

माझ्या छातीवरचं काहीतरी उतरायला लागलं. नुसता ठेवायची. दाबायची नाही. मला ते नीट बघायचं होतं.

"कसा ठेवायची? दाखवा."

"आता हे काय भावजी..."

"दाखवा की."

तिनं डावा हात पुढं केला. बाया निजलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा हलका, पालथा, ठोकळ्यावर टेकवला.

ओसरीवर टोला पडला.

तिनं चटका बसल्यासारखा हात ओढला. ऊन तर अजून खिडकीतही आलेलं नव्हतं. "म्या दाबलं न्हाई! भावजी, देवाशपथ, म्या दाबलं न्हाई!" ती भिंतीला टेकून उभी राहिली, हात लुगड्याला पुसायला लागली.

"तुमी दाबलं न्हाई," मी म्हणालो. "पट्टी पातळ हाय. नुसता हात ठेवला तरी वाजती."

दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली होती आणि ती तिनंच बोलून दाखवली.

"म्हंजे जस्त आत असतं तर..."

"वाजली असती. तिनं बोलवलं असतं का नसतं, वाजली असती."

"अन् तुमी गेला असता."

"गेलो असतो. पाणी घेऊन."

"तिला नगं असतं तरी?"

"नको असतं तरी."

जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "लेकीला सांगू नगा. तिला ते पेलायचं न्हाई." मी आजवर सांगितलेलं नाही. हे वाचलं तर कळेल.

पट्टी मी बदलली नाही. जस्त झिजलं की नवी कांडी घासून घालतो. काठाला मेण लावतो. दुपारी टोला पडतो आणि मी आत जाऊन येतो. उन्हानं पाडला हे मला माहीत असतं. गल्लीतल्या लोकांनी आता विचारायचं सोडलंय. आभाळ भरून आलं की दोन-दोन, तीन-तीन दिवस घंटी गप्प असते. त्या दिवशी मी आपणच उठून आत जातो.